पार्लरमध्ये माल विकायला शिकताना : इंदूरच्या रामबागेतल्या वर्षभराच्या नोंदी

६ फेब्रुवारी २०२५

रथसप्तमी झाली, हळदीकुंकवांची गर्दी ओसरली. आज दुपारी पार्लर दोन तास बंद ठेवून कपाट रिकामं केलं. काउंटरमागचं काचेचं कपाट, त्याला कुलूप, किल्ली गल्ल्यात. आत विकायला ठेवलेल्या शाम्पू-क्रीमचे ६१ नग निघाले. खरेदीच्या भावाने हिशेब केला तर २४,३०० रुपये. त्यातल्या ११ नगांची तारीख उलटून गेलेली, म्हणजे ३,८७० रुपये सरळ कचऱ्यात.

जानेवारीत थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, केसांची कामं मिळून ९२ हजारांच्या आसपास गल्ला झाला. विकलेला माल ३,१४० रुपयांचा, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकाच नवरीच्या आईने दिलेले. तीन खुर्च्या, मी आणि दोन मुली. खुर्च्या वाढवायला जागा नाही, दिवसाचे तास वाढत नाहीत. उत्पन्न वाढायचं असेल तर या कपाटातूनच वाढेल.

देवासला मामेबहीण पार्लर काढतेय. तिला तोंडी सांगून लक्षात राहत नाही, म्हणून लिहून ठेवते. इतरांनाही उपयोग झाला तर चांगलंच. जिथे पैसे गेले तेही लिहीन.

१४ फेब्रुवारी

कुलूप काढलं. कपाट काउंटरमागून काढून वाट बघायच्या सोफ्यासमोर आणलं. अॅक्रिलिकचा एक स्टँड घेतला, २,२०० रुपये. प्रत्येक नगावर किमतीची चिठ्ठी लावली, कारण किंमत विचारायला बायका संकोचतात आणि न विचारताच निघून जातात. बाहेर फळा लावला : सगळ्या मालावर १५ टक्के सूट.

१ मार्च

फळा उतरवला. पंधरा दिवसांत १२ नग गेले, पण नावं बघितली तर त्यातल्या नऊ जणी दर दोन महिन्यांनी तोच शाम्पू नेणाऱ्याच आहेत. त्यांनी तो पूर्ण किमतीतही नेला असता. मला मार्जिन मिळतं २५ ते ३० टक्के, त्यातले १५ मीच वाटून टाकले. नवीन गिऱ्हाईक तिघीच. सूट लावून अडकलेला माल हलेल असं वाटलं होतं, पण जो हलत नव्हता तो जागेवरच राहिला.

चिठ्ठ्यांचा मात्र फायदा झाला. बायका हातात घेऊन बघतात. त्या ठेवणार.

८ मार्च

आज जे झालं त्याचं फार वाईट वाटलं.

मागच्या आठवड्यात दोघी मुलींना सांगितलं होतं की प्रत्येक नगामागे १० टक्के तुमचे. थ्रेडिंगला एक काकू येतात, समोरच्या गल्लीतल्या, सात वर्षांपासून. चाळीस रुपयांचं काम, पण दर वीस दिवसांनी येणार म्हणजे येणार. आज त्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या, डोळे मिटलेले, दोन्ही हातांच्या बोटांनी भुवईवरची कातडी ताणून धरलेली. मुलगी दोऱ्याचं एक टोक दातात धरून काम करत होती. मध्येच दोरा सोडून म्हणाली, आंटी, आपकी आँखों के नीचे बहुत डार्क सर्कल हो गए हैं, ये सीरम ले लो. दुसरी भुवई व्हायच्या आत तिने तीन वस्तू सांगितल्या.

काकूंनी पैसे दिले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, डोळे मिटलेले, दोन्ही हात अडकलेले, उठता येत नाही. अशा वेळी कुणी काही विकतं का? आणि काळी वर्तुळं मला दिसत नाहीत का घरी?"

मुलगी म्हणाली, "दीदी, मैंने तो बस बताया था." तिचा दोष नाही. नगामागे पैसे मीच लावले होते, तेव्हा ती नग विकणारच. कमिशन आजपासून बंद. दोघींना बसवून दोन गोष्टी सांगितल्या : हातात काम चालू असताना मालाचं नाव काढायचं नाही, आणि गिऱ्हाइकाने स्वतः विचारल्याशिवाय तिच्या चेहऱ्यातली खोट सांगायची नाही.

२३ मार्च

१९ तारखेला रंगपंचमी झाली. इंदूरची रंगपंचमी माहीत असलेल्यांना सांगायला नको. धुळवडीपेक्षा आपल्याकडे हाच दिवस मोठा. टोरी कॉर्नरवरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरमधून आणि मोठ्या पंपांतून रंग उडतो, राजवाड्यापर्यंत माणूस ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवसापासून पार्लरला रांग लागते : कपाळाच्या कडेला रंग, कानामागे रंग, केस झाडूसारखे.

वर्षातली सगळ्यात सोपी विक्री हीच असायला हवी होती. मी सल्फेट नसलेला शाम्पू आणि हेअर मास्क मागवला १५ तारखेला. डीलर म्हणाला १८ला येईल. १९ला रस्ते बंद, माल हातात पडला २१ला. २० आणि २१ला मिळून बत्तीस जणींनी केसांसाठी काय लावू म्हणून विचारलं आणि कपाटात दोनच बाटल्या होत्या.

पुढच्या वर्षासाठी : माल दहा दिवस आधी घरात हवा. आणि रंगपंचमीच्या आधीच्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकीला तयारी सांगायची. आदल्या रात्री केसांना भरपूर खोबरेल, कानामागे आणि नखांच्या कडांना पेट्रोलियम जेली, नखांवर गडद नेलपॉलिश. यातलं काहीही माझ्याकडून घ्यायचं नाही, सगळं घरात असतं. नंतर रंग एका दिवसात घासून काढायचा हट्ट धरायचा नाही, सौम्य शाम्पूने चार-पाच दिवसांत तो उतरतो. ही तयारी मी यंदा काही जणींना सांगितली होती. २१ नंतर शाम्पू घ्यायला पुन्हा आल्या त्या बहुतेक त्याच.

मार्चची आजपर्यंतची मालविक्री ४,९०० रुपये.

१७ एप्रिल

आजची नोंद मोठी आहे, कारण इथूनच खरं काम सुरू झालं.

मार्चच्या सुरुवातीला जिचं केरेटीन, म्हणजे केस सरळ-मऊ करायचं काम, केलं होतं ती आज आली. केस पुन्हा फुललेले, टोकं कोरडी. साडेतीन हजार रुपये घेतले होते मी, आणि सहा आठवड्यांत ही अवस्था. ती चिडलेली होती आणि तिचं चिडणं रास्त होतं. शाम्पू कोणता वापरतेस, असं मी विचारलं. किराण्यातला नेहमीचा. पाणी? बोअरिंगचं. नळाला नर्मदेचं एक दिवसाआड येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला जातं. केरेटीन करताना एक शब्दही मी या दोन्हीबद्दल बोलले नव्हते. तेव्हा घाई होती, पुढची बाई खुर्चीची वाट बघत होती.

समोरचे आणि वरचे केस फुकट पुन्हा करून दिले. तीन तास आणि १,१०० रुपयांचा माल गेला. संध्याकाळी विचार करत बसले होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा पहिल्यांदा शिकेकाईने केस धुतले तर हाताला कसे रेशमासारखे लागले होते, ते अजून आठवतं. विहिरीच्या पाण्यात तेच केस चिकट राहायचे. हे घरातच होतं आणि मी कधी गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं की बाई, तुझ्याकडे पाणी कुठलं.

आजपासून केसांचं कुठलंही काम करण्याआधी पहिला प्रश्न पाण्याचा. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार केसांवर बसत जातात, शाम्पूला फेस येत नाही म्हणून बाई दुप्पट शाम्पू ओतते आणि केस आणखी कोरडे होतात. साधे केस असतील तर महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा शाम्पू आणि लगेच कंडिशनर. केरेटीन केलेल्या केसांना हा चालत नाही, तो केरेटीनच उतरवतो. त्यांना सल्फेट आणि मीठ नसलेला शाम्पू, आणि शेवटचे दोन तांबे नर्मदेच्या पाण्याचे. दोन तांबे कुणालाही परवडतात.

२४ एप्रिल

छापखान्यातून पावतीपुस्तकं आणली. पाच पुस्तकं, कार्बनसकट ४५० रुपये. वर पार्लरचं नाव, खाली चार ओळी : आज काय केलं. घरी काय वापरायचं. काय करायचं नाही. पुढे कधी यायचं.

काम झाल्यावर गिऱ्हाईक उठून आरशासमोर उभं राहतं, तेव्हा ही चिठ्ठी हाताने लिहायची आणि मोठ्याने वाचून द्यायची. घरी काय वापरायचं या ओळीत जे तिच्या घरात आहे तेही लिहायचं. खोबरेल चालत असेल तर खोबरेल लिहायचं. माझ्या कपाटातली वस्तू लागत असेल तर ती एकच लिहायची, आणि ती काढून तिच्या हातात द्यायची, बघ म्हणून. घे म्हणायचं नाही. कार्बनची प्रत माझ्याकडे.

मे महिन्यात पुढे जोडते : पहिल्या आठवड्यात मुलींना लिहायला वेळ लागत होता, एका गिऱ्हाइकामागे चार-पाच मिनिटं. आता दोन मिनिटांत होतं. धाकटी हिंदीत लिहिते, मी मराठीत. ज्या बायका आज काही नेत नाहीत त्यातल्या बऱ्याच जणी चार दिवसांनी ती चिठ्ठी पर्समधून काढून येतात, हे लिहिलंय ते द्या म्हणत. दुसरीकडून घेतलं तरी हरकत नाही असं मी सांगते, आणि काही जणी घेतातही.

एप्रिल : ६,२५० रुपये, एकही सूट न देता.

१९ मे

हेअर स्पाचं तेल एक लिटरच्या मोठ्या पॅकमध्ये येतं. बायकांना ते आवडतं. मी १०० मिलीच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, तेल भरलं, पार्लरच्या नावाचा गोल स्टिकर लावला, १२० रुपयांना ठेवलं. दहा दिवसांत १४ गेल्या. मला वाटलं, जमलं.

आज एका गिऱ्हाइकाची मुलगी आली, फार्मसी शिकते. बाटली उलटसुलट करून तिने विचारलं, यावर बॅच नंबर कुठे आहे? एक्स्पायरी? आत काय काय आहे? कुणाला पुरळ आलं तर काय सांगणार? माझ्याकडे यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. घरी जाऊन वाचलं. सौंदर्यप्रसाधनं विकायला वेगळा परवाना लागत नाही, पण मोठ्या पॅकमधून काढून, भरून, आपलं लेबल लावून विकणं कायद्याने उत्पादनातच मोडतं आणि त्याला परवाना लागतो. मोठ्या पॅकवर विक्रीसाठी नाही असं बारीक अक्षरात छापलेलंही होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

१४ जणींना फोन केले, १,६८० रुपये परत दिले. अकरा बाटल्या परत आल्या, तीन जणींचं तेल संपलेलं होतं. हे कुणीही करू नका. आमच्या धंद्यात सर्रास चालतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. ज्या बाटलीवर तारीख आणि बनवणाऱ्याचं नाव नाही ती गिऱ्हाइकाच्या घरी जाता कामा नये.

११ जून

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल एकदाच लिहिते.

लग्नसराईत दिवसाला दोघी-तिघी विचारतात. घाऊक बाजारातला एक माणूस साधी पांढरी डबी दाखवून गेला, ४० टक्के मार्जिन, आठ दिवसांत फरक म्हणाला. आठ दिवसांत फरक म्हटल्याबरोबर मी डबी परत दिली. मागच्या वर्षी अशीच एक मुलगी आली होती. गाल लाल, कातडी इतकी पातळ की शिरा दिसत होत्या, हनुवटीवर केस, उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. दीड वर्ष ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टेरॉईडचं मलम गोरेपणासाठी लावत होती. ही मलमं २०१८ पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मलम बंद केल्यावर आधी चेहरा आणखी भडकला, पुढे महिने गेले.

महिन्याला दोन-अडीच हजारांची विक्री यात सहज झाली असती. ती मला नको आहे. विचारणाऱ्या प्रत्येकीला मी सनस्क्रीन दाखवते आणि का ते सांगते. निम्म्या जणी तोंड वाकडं करून जातात. जाऊ देत.

१६ जुलै

दोन गोष्टी, एक फसलेली आणि एक जमलेली.

फसलेली : फोनमधल्या १८० नंबरांवर एकच मेसेज टाकला, नवीन माल आलाय म्हणून, चार फोटोंसकट. तीन उत्तरं आली. दोघींनी सांगितलं, ताई, असे मेसेज नका पाठवू.

जमलेली : कार्बनच्या प्रतींवरून एक वही केली, कुणी काय नेलं आणि ते कधी संपेल याची. सनस्क्रीन चेहरा आणि मानेला दोन बोटांवर रेघ ओढून घ्यायचं, ते साधारण एक ग्रॅम होतं. रोज एकदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब पन्नासेक दिवसांत संपते. अडीचशे मिलीचा शाम्पू, एका वेळेला १० मिली, आठवड्यातून दोनदा, म्हणजे बारा आठवडे. केस कमरेपर्यंत असतील तर आठच. संपायच्या चार दिवस आधी तिला एकटीला मेसेज : ताई, शाम्पू संपत आला असेल. केस कसे आहेत? जून-जुलैत अशा २६ जणींना लिहिलं, १५ जणी घेऊन गेल्या. चौघींनी उत्तर दिलं की अजून निम्मी बाटली आहे. त्यांना विचारल्यावर कळलं, त्या वापरतच नव्हत्या. एकीला वास आवडला नव्हता, तिला बदलून दिलं. सनस्क्रीन तीन महिने पुरलं असं सांगणारी तर तिळाएवढं लावत होती. तिच्याच बोटांवर रेघ ओढून दाखवली.

मुलींचं कमिशनही याच वहीवर आणलं. पहिल्या विक्रीवर काही नाही. तीच बाई तीच वस्तू दुसऱ्यांदा घेऊन गेली तर १० टक्के, आणि ते दोघींत सारखे वाटून. आता नको त्या बाईला नको ती वस्तू द्यायला दोघींपैकी कुणी बघत नाही, कारण ती दुसऱ्यांदा यायची नाही हे त्यांना कळतं. मोठी तर परवा एकीला म्हणाली, आंटी, आपके पास अभी है ना, खत्म होने दो.

नमुन्याच्या डब्यांत बोट घालू देत नाही. छोटे चमचे ठेवलेत आणि झाकणावर उघडल्याची तारीख. डबीवर उघड्या डबीचं चित्र आणि १२ एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. तेवढे झाले की नमुना फेकायचा.

जुलै अजून संपायचा आहे, आजपर्यंत ६,७०० रुपये.

२८ ऑगस्ट

हरतालिका-गणपतीसाठी चार वस्तूंच्या भेटपेट्या केल्या, ९९९ रुपये, वीस पेट्या. त्यात दोन चालणाऱ्या आणि दोन अडकलेल्या वस्तू घातल्या. तीन गेल्या. एक वहिनी म्हणाल्या, यातल्या दोनच द्या, बाकीच्या मला लागत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. रिबिनी आणि खोक्यांचे ६०० रुपये गेले. पेट्या सोडवून ठेवल्या.

२२ सप्टेंबर

घटस्थापना, आणि आजपासूनच शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर. सकाळी पहिलीच बाई विचारत आली, ताई, स्वस्त झालं ना?

माझी उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून जीएसटीची नोंदणी नाही. म्हणजे जुन्या बाटल्यांवरचा १८ टक्के कर मी खरेदीतच भरलेला आणि तो परत मिळायचा मार्ग नाही. ५९० रुपयांची बाटली म्हणजे ५०० आणि त्यावर ९० कर. आता तीच ५२५ ला बसते. फरक ६५ रुपयांचा, माझ्याकडे नऊ बाटल्या, म्हणजे ५८५ रुपये. डीलर म्हणाला, जुन्या मालाचा फरक मी देणार नाही.

नऊच्या नऊ ५२५ ला दिल्या. जी बाई माझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून येते तिला आज जुनी किंमत सांगायला मला जमलं नसतं. क्रीम आणि सनस्क्रीन १८ टक्क्यांवरच आहेत, हे मात्र दहा वेळा समजावून सांगावं लागलं.

पुढच्या वेळी कर बदलायची बातमी आली की त्या दिवसापासून खरेदी थांबवायची. बातमी ३ सप्टेंबरला आली होती आणि मी ८ला माल उचलला.

३० नोव्हेंबर

ऑक्टोबर दिवाळीचा, १९,८०० रुपयांचा माल गेला. तो आकडा धरून चालू नये. नोव्हेंबरचा धरावा : १३,६००. खरेदी, मुलींचा वाटा, फेकलेले नमुने वजा जाता हातात ३,२०० राहिले. दुकानाच्या विजेचं बिल आणि पाणी निघतं एवढ्यात. कपाटात आज २८ नग आहेत, ६१ नाहीत. नऊच वस्तू ठेवते, पण त्या नऊ मला आणि दोघी मुलींना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. वर्षभरात तारीख उलटलेला माल फेब्रुवारीनंतर एकच नग.

वेळेचं सांगायचं तर वहीला रोज पंधरा-वीस मिनिटं जातात, दुपारी जेवल्यावर. चार दिवस चुकलं की पुढचा आठवडा विस्कटतो.

१३ जानेवारी २०२६

उद्या संक्रांत. गेल्या वर्षी हा महिना मी तसाच जाऊ दिला होता. हळदीकुंकवाला वाण लागतं, एकेका घरी वीस-पंचवीस नग, आणि प्लास्टिकच्या डब्यांना बायका कंटाळल्या आहेत. यंदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून चिठ्ठी देताना विचारायला लागले, वाण ठरलं का. लिप बामची छोटी डबी ४५ रुपयांना, हँड क्रीमची ट्यूब ६० ला. आधी निम्मे पैसे घेते, मग मागवते. एक नगसुद्धा माझ्या अंगावर पडत नाही. आजपर्यंत सहा घरांच्या ऑर्डरी, १३८ नग. रथसप्तमी यंदा २५ तारखेला आहे, त्यामुळे दिवस कमी आहेत.

सहावी ऑर्डर समोरच्या गल्लीतल्या काकूंची, लिप बामच्या २१ डब्या. मार्चनंतर दीड महिना त्या आल्या नव्हत्या, मी दोनदा घरी जाऊन आले होते. आज थ्रेडिंग झालं, उठून आरशात बघितलं, डबी हातात घेतली आणि चष्मा लावून खालची तारीख वाचली. "नोव्हेंबर २०२७. चालेल. सगळ्या याच तारखेच्या दे," म्हणाल्या.

माल शुक्रवारी येणार आहे. आल्या आल्या एकेक डबी उलटी करून बघायची, मगच मोजून पिशवीत भरायची.